हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा नवा नेता कोणी निवडायचा, खासदारांनी की वर्गणीदार सदस्यांनी?

थेम्सकाठी (शुक्रवार, २१ ऑक्टोबर २०२२)

मंडळी, काल दुपारी लिझ ट्रस यांनी डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभं राहून राजीनामा जाहीर केला. ६ सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या आणि २० ऑक्टोबरला जाणार म्हणून सांगितलं, ब्रिटनमध्ये इतकी छोटी कारकीर्द आजवर कोणाचीच नव्हती. याआधीचं नाव जॉर्ज कॅनिंगचं होतं, १८२७ मधलं, आणि ते तर पदावर असतानाच वारले होते.

आता एका वर्षात दुसऱ्यांदा नेता निवडायचाय. १९२२ समितीचे (म्हणजे मागच्या बाकांवरच्या खासदारांची संघटना, निवडणुकीचे नियम तीच ठरवते) अध्यक्ष सर ग्रॅहम ब्रेडी यांनी काल जाहीर केलंय की ज्याला उभं राहायचंय त्याने सोमवारी दुपारी २ पर्यंत १०० खासदारांचा पाठिंबा आणायचा. पक्षाचे एकूण खासदार ३५७, म्हणजे जास्तीत जास्त तीनच उमेदवार होऊ शकतात. दोघं उरले तर मग सदस्यांचं ऑनलाइन मतदान आणि २८ तारखेपर्यंत निकाल.

उन्हाळ्यात, बोरिस जॉन्सन गेले तेव्हा, हाच उंबरठा २० खासदारांचा होता. १०० वर नेला याचाच अर्थ पक्षाला स्वतःलाच कळलंय की मागच्या वेळी कुठे चुकलं, पण अर्धवट कळलंय असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. पक्ष विरोधात असेल तेव्हा सदस्यांनी खुशाल नेता निवडावा. पण पक्ष सत्तेत असताना नेता निवडणं म्हणजे देशाचा पंतप्रधान निवडणं, आणि तो फक्त खासदारांनीच निवडावा, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याला सभागृहात सांभाळायचंय ते खासदारांनीच.

जुलैची आकडेवारी बघा. २० जुलैला खासदारांची पाचवी फेरी झाली, त्यात ऋषी सुनक १३७, ट्रस ११३, पेनी मॉर्डंट १०५. म्हणजे ट्रस यांच्या बाजूने स्वतःच्या पक्षाचे एक तृतीयांश खासदारही नव्हते, आणि पहिल्या फेरीत तर त्या ५० मतं घेऊन तिसऱ्या होत्या. पुढे सदस्यांनी ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ अशी त्यांना निवडून दिली. मिनी-बजेट (सप्टेंबरमधलं करकपातीचं बजेट) कोसळलं तेव्हा पाठीशी उभं कोण राहणार होतं? ज्यांनी निवडलं ते सदस्य सभागृहात नव्हते आणि जे सभागृहात होते त्यातल्या दोन तृतीयांशांनी त्यांना निवडलंच नव्हतं.

तुमची मतं लिहा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

सुमेधा_लीड्स

धागा काढलात बरं झालं, दोन दिवस डोकं याच्यातच आहे.

आमचं दोन वर्षांचं फिक्स मॉर्गेज (ठरलेल्या व्याजदराचं घरकर्ज) डिसेंबरमध्ये संपतंय. गेल्या डिसेंबरात बाजारात दोन वर्षांच्या फिक्सचा सरासरी दर सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या घरात होता. २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी बजेट मांडलं त्या दिवशी पावणेपाच टक्के होता आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सहाच्या वर गेला. मधल्या काळात बँकांनी डील्स मागे घेतल्या, आम्ही ज्या बँकेकडे विचारणा केली होती तिथली ऑफर संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरून गायबच झाली. नवरा आणि मी रोज रात्री बसून हिशेब करतोय की मुलाचं नर्सरीचं चालू ठेवायचं की मी तास कमी करायचे.

व्याजदर जगभर वाढतायत हे मलाही कळतं, अमेरिकेत पण वाढतायत. पण हा जो मधेच धक्का बसला तो त्या एका बजेटचा होता. आणि सुनक उन्हाळ्यातल्या प्रत्येक डिबेटमध्ये हेच सांगत होते की कर्ज काढून करकपात केलीत तर महागाई वाढेल, मॉर्गेज वाढेल. लीड्सला २८ जुलैला पहिली प्रचारसभा झाली तेव्हा इथे सगळीकडे हीच चर्चा होती. ऐकायची ज्यांना संधी होती त्यांनी दुसरीकडे मत दिलं, आणि मला तर मतच नव्हतं.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर

भाबडा प्रश्न आहे पण विचारतोच, हे पक्षाचे सदस्य म्हणजे नक्की कोण? आणि पंतप्रधान गेला तर सरळ सार्वत्रिक निवडणूक का घेत नाहीत?

जुनी_पाने

@पूर्वाश्रमीचा_पुणेकर, भाबडा अजिबात नाही, तिथल्या लोकांना पण हाच प्रश्न पडलाय.

सदस्य म्हणजे वर्षाला २५ पौंड वर्गणी भरणारे. या उन्हाळ्यात मतदानाला पात्र होते १,७२,४३७ लोक. ब्रिटनचे एकूण मतदार साडेचार कोटींच्या वर, म्हणजे अर्धा टक्काही नाही. तीन महिने जुनं सदस्यत्व हवं एवढीच मुख्य अट, ब्रिटिश नागरिकत्वसुद्धा लागत नाही.

निवडणूक का नाही, तर तिथे मतदार पंतप्रधान निवडतच नाहीत, आपल्यासारखंच. खासदार निवडतात, आणि सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर आहे त्याला राजा (सप्टेंबरपर्यंत राणी) सरकार बनवायला बोलावतो. त्यामुळे मधेच माणूस बदलणं त्यांच्याकडे नवीन नाही. १९४० ला चेंबरलेन जाऊन चर्चिल, १९५७ ला ईडन जाऊन मॅकमिलन, १९७६ ला विल्सन जाऊन कॅलहॅन, १९९० ला थॅचर जाऊन मेजर, २००७ ला ब्लेअर जाऊन ब्राऊन. २०१६ पासून तर रांगच लागलीय.

बदललंय ते निवडायची पद्धत. हुजूर पक्षात १९६५ पर्यंत मतदानच नव्हतं, ज्येष्ठ मंडळी आपापसात सल्लामसलत करून नाव पुढे आणायची. १९६५ ला पहिल्यांदा खासदारांनी मतदान करून हीथना निवडलं, १९७५ ला खासदारांनीच हीथना हटवून थॅचरबाईंना आणलं. सदस्यांना मत मिळालं ते १९९८ च्या नियमबदलात, विल्यम हेग नेते असताना. १९९७ ला पक्षाचा दारुण पराभव झाला होता, कार्यकर्ते नाराज होते, आणि त्यांना काहीतरी हक्क द्यायला हवा अशी भावना होती. तेव्हा पक्ष विरोधात होता, पंतप्रधान या वाटेने निवडला जाईल हा प्रश्न लगेच समोर नव्हता.

पहिला प्रयोग २००१ चा. खासदारांच्या शेवटच्या फेरीत केन क्लार्क ५९, इयन डंकन स्मिथ ५४, पोर्टिलो ५३. सदस्यांनी डंकन स्मिथना मोठ्या फरकाने निवडलं आणि २००३ ला खासदारांनी ९० विरुद्ध ७५ मतांनी अविश्वास दाखवून घरी पाठवलं. धागाकर्ते ट्रस यांच्याबद्दल जे म्हणतायत ते तेव्हाच घडून गेलं होतं, फक्त तेव्हा पक्ष विरोधात असल्यामुळे देशाला त्याची झळ बसली नाही.

आणखी एक, १९९० चा वेग बघा. २० नोव्हेंबरला पहिल्या फेरीत थॅचर २०४, त्यांना आव्हान देणारे हेझेल्टाइन १५२. नियमाप्रमाणे लागणारी आघाडी चार मतांनी हुकली. २२ ला बाईंनी माघार घेतली, २७ ला दुसरी फेरी, २८ ला मेजर पंतप्रधान. आठवड्याभरात सगळं संपलं, तेही आखाती युद्ध तोंडावर असताना.

सुमेधा_लीड्स

@जुनी_पाने, हे वेगाचं फार महत्त्वाचं आहे हो. यावर्षी ७ जुलैला बोरिस जॉन्सननी राजीनामा जाहीर केला आणि निकाल लागला ५ सप्टेंबरला. त्या दोन महिन्यांत इथे काय चाललं होतं, महागाई १० टक्क्यांवर गेली, २६ ऑगस्टला विजेचा आणि गॅसचा कॅप (दराची कमाल मर्यादा) सरासरी घरासाठी वर्षाला ३,५४९ पौंड जाहीर झाला, शेजारच्या आजी मला विचारत होत्या की हिवाळ्यात एकाच खोलीत हीटर लावला तर चालेल का. आणि सरकार म्हणत होतं की मोठे निर्णय नवीन पंतप्रधान घेईल. बारा सभा झाल्या, देशभर फिरले दोघं, पण निर्णय घेणारं कोणी नव्हतं. मला राग आहे तो याचा.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितोय. हे वाचताना आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही, कारण तारखा अगदी लागून आहेत. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० ला एकनाथ शिंदेंचा शपथविधी, ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव, आणि ५ जुलैला लंडनमध्ये सुनक आणि साजिद जावेद मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दोन दिवसांत पन्नासच्या वर राजीनामे आणि जॉन्सन गेले.

फरक मला मोठा वाटतो. त्यांच्याकडे पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदाराने नेत्याविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जात नाही, आणि नेत्यावरच्या विश्वासाचं मतदान तर गुप्त असतं, संसदेतल्याच एका खोलीत. ६ जूनला १४८ जणांनी जॉन्सनविरुद्ध मत दिलं, २११ बाजूने होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत कामाला. कुठे सुरत नाही, गुवाहाटी नाही, हॉटेल नाही. आपल्याकडे १९८५ चा कायदा आला तो आयाराम-गयाराम थांबवायला, पण आमदाराला आपल्याच मुख्यमंत्र्याबद्दलची नाराजी पक्षात राहून, पक्षाच्या चौकटीत मोजून दाखवायची सोयच राहिलेली नाही. मग ती बाहेर पडते ती थेट फूट म्हणून आणि प्रकरण कोर्टात जातं. विधिमंडळ पक्षाचा नेता गुप्त मतदानाने निवडायची सवय आपल्या पक्षांना असती तर? बहुतेक वेळा नाव दिल्लीहून येतं आणि इथे हात वर होतात.

म्हणून मला तर उलट वाटतं, निदान पावणेदोन लाख लोकांना विचारलं तरी!

हॅरोचा_कार्यकर्ता

मी हुजूर पक्षाचा सदस्य आहे, त्यामुळे बोलायलाच हवं. उन्हाळ्यात माझं मत सुनकना होतं, तरी धागाकर्त्यांशी मी सहमत नाही.

मे महिन्यात लंडनमधली हॅरो कौन्सिल (स्थानिक पालिका) आम्ही मजूर पक्षाकडून घेतली. ती कोणी घेतली, तर पावसात दारोदार पत्रकं टाकणाऱ्या आमच्यासारख्यांनी. गुजराती आहेत, तमिळ आहेत, आपली मराठी माणसं आहेत, म्हातारे इंग्रज आहेत जे चाळीस वर्षं हेच करतायत. खासदार निवडून येतो तो यांच्या पायांवर. यांना फक्त वर्गणी आणि श्रम मागायचे आणि नेता निवडताना मात्र तुम्ही गप्प बसा म्हणायचं, हे मला पटत नाही. नेता निवडायचं मत काढून घेतलंत तर सदस्य व्हायचं कोणी आणि कशासाठी?

आणि खासदार शहाणे असतात हे तरी कशावरून? ट्रसना शेवटच्या दोघांत कोणी आणलं, खासदारांनीच ना? चौथ्या फेरीत मॉर्डंट ९२ आणि ट्रस ८६ होत्या, मग एका दिवसात २७ मतं वाढली आणि मॉर्डंट बाहेर. सदस्यांपुढे जी दोन नावं ठेवली त्यातलंच एक त्यांनी निवडलं. २०१९ ला जॉन्सनना सदस्यांनी ६६ टक्के दिले आणि त्याच वर्षी त्यांनी ८० चं बहुमत आणून दाखवलं, तेव्हा कोणी पद्धतीला नावं ठेवली नाहीत.

थेम्सकाठी

@हॅरोचा_कार्यकर्ता, मनापासून लिहिलंत, आवडलं. तुमच्या श्रमांबद्दल मला आदरच आहे. पण मुद्दा शहाणपणाचा नाही, जबाबदारीचा आहे. खासदारही चुकतात, भरपूर चुकतात. पण त्यांनी निवडलेला माणूस चुकला तर त्यांना रोज त्याच्या शेजारी बसून ते निस्तरावं लागतं, मतदारसंघात जाऊन उत्तर द्यावं लागतं, सीट जाते. १९ ऑक्टोबरच्या रात्री फ्रॅकिंगवरच्या (खडक फोडून गॅस काढण्यावरच्या) मतदानाला काय झालं आपण पाहिलं, विश्वासाचं मतदान आहे की नाही हेच शेवटपर्यंत खासदारांना कळेना, लॉबीत ढकलाढकलीचे आरोप झाले, चीफ व्हिप (मतदानात पक्षाच्या खासदारांना शिस्तीत ठेवणाऱ्या) आहेत की गेल्या तेही कळेना. त्याच दिवशी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन बाहेर पडल्या होत्या. नेत्याला खासदारांचा आधार मुळातच नसेल तर संकटात घर असं खिळखिळं होतं.

वर्गणीदारांना हक्क हवा तर उमेदवार निवडीत द्या, जाहीरनाम्यात द्या. मतदारसंघातला उमेदवार तुम्हीच निवडता, तो हक्क मोठाच आहे.

२०१९ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जॉन्सन खासदारांच्या शेवटच्या फेरीतही पहिले होते, निम्म्याहून जास्त मतं घेऊन. सदस्यांनी फक्त शिक्का मारला.

आकडेमोड

एक तांत्रिक गोष्ट लिहितो, कारण भारतातल्या वाचकांना प्रश्न पडला असेल की नुसत्या बजेटच्या भाषणाने सरकार कसं पडलं.

४५ अब्ज पौंडांची करकपात होती आणि पैसे कुठून येणार ते सांगितलंच नाही. वर सरकारचीच स्वतंत्र संस्था जे अंदाजपत्रक तपासते (ओबीआर) तिचा अंदाज जाहीर न करता बजेट मांडलं. अर्थखात्याचे सर्वोच्च अधिकारी टॉम स्कॉलर यांना ८ सप्टेंबरलाच, म्हणजे आल्या आल्या, काढून टाकलं होतं. बाजाराने याचा अर्थ असा लावला की यांना हिशेब दाखवायचाच नाही. २६ सप्टेंबरला पौंड १.०३ डॉलरच्या आसपास, आजवरचा नीचांक.

खरी आग लागली कर्जरोख्यांना, म्हणजे गिल्ट्सना. ब्रिटनच्या बऱ्याच पेन्शन फंडांनी एलडीआय नावाची व्यवस्था वापरली होती, त्यात गिल्ट्स तारण ठेवून उचल घेतलेली असते. गिल्ट्सचे भाव भराभर पडले तसं त्यांच्याकडे जादा तारण मागितलं गेलं, ते भरायला त्यांनी गिल्ट्सच विकले, त्याने भाव आणखी पडले. ३० वर्षांच्या गिल्टचा परतावा ५ टक्क्यांवर गेला. शेवटी २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्ज पौंडांपर्यंत खरेदीची तयारी जाहीर करावी लागली. निवृत्त शिक्षकांच्या आणि नर्सेसच्या देशात पेन्शन हा शब्द संकटाशेजारी आला की कुठलाही खासदार घाबरणारच. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, जेरेमी हंट आले आणि १७ ला त्यांनी जवळपास सगळं बजेट उलटवलं. त्यानंतर ट्रस यांच्याकडे स्वतःचा असा कार्यक्रमच उरला नाही.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर

@आकडेमोड, पहिल्यांदा कुणीतरी समजेल असं सांगितलं. धन्यवाद.

गोदाकाठ (रविवार, २३ ऑक्टोबर, रात्री)

ताजी बातमी, जॉन्सनची माघार! सुट्टी अर्धी टाकून कॅरिबियनमधून आले, १०२ खासदार आहेत म्हणाले आणि तरी उभे राहणार नाहीत. संसदेतला पक्ष एकत्र नसेल तर राज्य नीट करता येणार नाही असं कारण दिलंय. @थेम्सकाठी, तुमचा मुद्दा खुद्द जॉन्सनच मांडतायत.

हॅरोचा_कार्यकर्ता

सदस्यांकडे मतदान आलं असतं तर जॉन्सन जिंकले असते असं आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांना वाटतं. मी मत दिलं नसतं, कारण पार्टीगेटमध्ये (लॉकडाउनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या पार्ट्यांच्या प्रकरणात) त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली का याची चौकशी विशेषाधिकार समितीपुढे अजून चालू आहे, आणि चौकशीखालचा माणूस परत तिथे बसवणं बरोबर नाही. पण लोकांना विचारायला हवं होतं असं माझं मत कायम आहे.

थेम्सकाठी (सोमवार, २४ ऑक्टोबर)

दुपारी २ ला दोन-तीन मिनिटं असताना मॉर्डंट यांनी माघार घेतली. ब्रेडींनी एकच अर्ज आल्याचं जाहीर केलं. ऋषी सुनक बिनविरोध, उद्या राजे चार्ल्स त्यांना बोलावतील. सदस्यांचं मतदान झालंच नाही.

विदर्भकन्या

इथे नागपुरात साडेसहा वाजले होते, लक्ष्मीपूजनाची तयारी चालू होती आणि टीव्हीवर ही बातमी! बाबा तर पूजा थांबवून बघत बसले. आपला माणूस त्या खुर्चीत, तेही दिवाळीच्या दिवशी, खूप आनंद झाला. इन्फोसिसचे जावई, आणि इन्फोसिसची सुरुवात पुण्याचीच.

जुनी_पाने

@विदर्भकन्या, आनंद समजू शकतो, मलाही झाला. खासदार झाल्यावर गीतेवर हात ठेवून शपथ घेतलेला माणूस तिथे पोचला ही साधी गोष्ट नाही. पण "आपला माणूस" म्हणून अपेक्षा ठेवू नका. सुनक साउदॅम्प्टनला जन्मले, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, आणि ते ब्रिटनच्याच हिताचं बघणार, बघायलाच हवं. भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करार अडकलाय, त्यात व्हिसाच्या मुद्द्यावर सगळ्यात कडक बोलल्या त्या ब्रेव्हरमन, ज्यांच्या वडिलांचं कूळ गोव्याचं आहे.

मला कौतुक वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. जुलैत पहिल्या फेरीला आठ उमेदवार होते, त्यात सुनक, ब्रेव्हरमन, बगदादला जन्मलेले नदीम झहावी आणि नायजेरियन कुटुंबातल्या केमी बेडनॉक. आठातले चार. आणि हे उजव्या विचारांच्या पक्षात. ते घडवायला त्या पक्षाने कॅमेरून यांच्या काळापासून उमेदवार निवडीत खरोखर कष्ट घेतलेत.

सुमेधा_लीड्स

सुनक आले याचं मला बरं वाटलं, आकड्यांना घाबरणारा माणूस सध्या हवा आहे. फर्लोमध्ये (कोविडकाळात काम बंद असताना सरकार पगार द्यायचं त्यात) माझ्या नवऱ्याचा ८० टक्के पगार त्यांच्या योजनेतूनच आला होता. पण पत्नीच्या नॉन-डॉम टॅक्सचं (परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर न भरायच्या सवलतीचं) प्रकरण मी विसरलेले नाही, आणि सार्वजनिक खर्चाला कात्री लागली तर ती कुठे लागते यावर माझं मत ठरेल.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर

मग आता निवडणूक हवी की नको? मजूर पक्ष तर रोज मागतोय.

थेम्सकाठी

कायद्याने जानेवारी २०२५ पर्यंत थांबता येतं. पाहण्यांमध्ये मजूर पक्ष तीस टक्क्यांच्या आसपास पुढे आहे, त्यामुळे स्वतःहून कोणी घेणार नाही. मला स्वतःला असं वाटतं की हिवाळा जाऊ द्यावा, विजेची बिलं आणि बजेट मार्गी लावावं आणि २०२३ मध्ये कौल घ्यावा. २०१९ ला लोकांनी ज्या जाहीरनाम्याला मत दिलं त्यातलं फारसं काही आता उरलेलं नाही, आणि तेव्हापासून हा तिसरा पंतप्रधान.

आणि सुमेधाताई, तुम्हाला एक विचारायचं होतं, तुम्ही वर "मला मतच नव्हतं" लिहिलंत ते पक्षाच्या मतदानाबद्दल बरोबर आहे. पण तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल तरी इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत असतं. वर्क व्हिसावरच्या आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. ऑनलाइन फॉर्म आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, पाच-दहा मिनिटांचं काम.

सुमेधा_लीड्स

अय्या, हे खरंच माहीत नव्हतं! दोघांचेही फॉर्म आजच भरते, आणि इथल्या मराठी ग्रुपवर पण टाकते.